स्कॉच घेताना बाटलीवर काय वाचायचं: पिंप, ताकद आणि भाव

स्कॉचच्या बाटलीवर सगळ्यात ठळक छापलेलं असतं ते वय. १२, १५, १८. आपल्याकडे दुकानात बोलणंही त्याच्यावरच चालतं: बारा वर्षांची एवढ्याला, मग अठराची कितीला? पण वयाचा कायदेशीर अर्थ फक्त एवढाच की बाटलीत जी सगळ्यात तरुण व्हिस्की आहे तीसुद्धा तितकी वर्षं पिंपात होती. पिंप कुठलं, ते आधी किती वेळा वापरलेलं, बाटली भरताना पाणी किती घातलं, याबद्दल तो आकडा गप्प असतो. चव मात्र ठरते ती याच गोष्टींवर, आणि ही माहिती बहुतेक वेळा मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत असते.

म्हणून पहिली सवय लावायची ती बाटली उलटी फिरवून वाचायची.

आधी जात बघा, तीही झटपट

'स्कॉच' म्हणवून घ्यायचं तर २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमांप्रमाणे दारू स्कॉटलंडमध्येच गाळलेली हवी, तिथेच ७०० लिटरपेक्षा मोठं नसलेल्या ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली हवी, आणि बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल हवं. वरून पाणी आणि साधा कॅरॅमल रंग सोडून काहीही घालता येत नाही. सिंगल मॉल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीची, फक्त माल्ट केलेल्या (मोड आणून वाळवलेल्या) बार्लीची, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये गाळलेली. ब्लेंडेड स्कॉच म्हणजे मॉल्ट आणि ग्रेन (गहू, मका अशा इतर धान्यांच्या) व्हिस्कीचं मिश्रण. ब्लॅक लेबल, टीचर्स, १०० पायपर्स सगळे यातलेच.

भारतात घेणाऱ्यांसाठी यात एक महत्त्वाचा फरक आहे. ब्लेंडेड स्कॉच टँकमधून इकडे आणून इथे बाटलीत भरता येते. व्यापारात तिला बीआयआय म्हणतात, म्हणजे बॉटल्ड इन इंडिया. टीचर्स किंवा १०० पायपर्स आपल्याला परवडते ती त्यामुळेच. सिंगल मॉल्ट मात्र २०१२ पासून स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद व्हावी लागते. त्यामुळे पिंप आणि ताकद यांची पुढची सगळी चर्चा प्रामुख्याने सिंगल मॉल्टची आहे. ब्लेंडमध्ये कंपनीने सगळं एकजीव करून ठेवलेलं असतं, तिथे खोदून फार काही हाती लागत नाही.

पिंप: कुठलं, यापेक्षा कितव्यांदा

पिंपांची दोन मोठी घराणी. पहिलं बर्बनचं, म्हणजे अमेरिकेतल्या मक्याच्या व्हिस्कीचं. अमेरिकेतल्या कायद्याप्रमाणे बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा रिकामं झालं की ते पिंप बर्बनवाल्याच्या कामाचं राहत नाही, आणि ती पिंपं जहाजाने स्कॉटलंडला जातात. साधारण २०० लिटरचं ते 'बॅरल'. त्याच्याच फळ्या सोडवून, आणखी काही जोडून २५० लिटरचं 'हॉग्सहेड' बांधतात. अमेरिकन ओकमधून येतं व्हॅनिला, ओलं खोबरं, मध. स्कॉटलंडच्या गोदामांत आज बहुतांश पिंपं याच घराण्याची आहेत.

दुसरं घराणं शेरीचं, म्हणजे स्पेनच्या कडक वाइनचं. पूर्वी स्पेनची शेरी पिंपातूनच ब्रिटनला यायची आणि रिकामी पिंपं डिस्टिलरीवाले उचलायचे. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करण्याचा नियम आला आणि ही सोय संपली. आता हेरेस भागात पिंपं मुद्दाम बनवून घेतात, त्यांत शेरी भरून ठेवतात, लाकडात ती पुरेशी मुरली की पिंप स्कॉटलंडला रवाना. म्हणजे लेबलवर 'शेरी कास्क' वाचून डोळ्यांसमोर शंभर वर्षं जुन्या तळघरातलं पिंप येत असेल तर ते विसरा. ही मागणी नोंदवून बनवून घेतलेली वस्तू आहे, आणि बर्बनच्या पिंपाच्या कित्येक पट महाग आहे. ५०० लिटरच्या या 'बट'मधून मनुका, अंजीर, अक्रोड, मसाल्याची चव येते. युरोपियन ओक असेल तर जिभेला किंचित तुरटपणाही लागतो.

पण या दोन नावांपेक्षा मोठा प्रश्न वेगळा आहे: हे पिंप स्कॉचने कितव्यांदा भरलं? पहिल्यांदा भरलं तर 'फर्स्ट फिल', नंतरचं सगळं 'रीफिल'. एकदा उकळलेल्या चहापत्तीवर दुसऱ्यांदा पाणी ओतलं की काय होतं ते सांगायला नको, पिंपाचंही तसंच. तिसऱ्यांदा भरलेल्या पिंपात १८ वर्षं काढलेली व्हिस्की फर्स्ट फिलमधल्या १० वर्षांच्या व्हिस्कीपेक्षा फिकी आणि हलकी निघू शकते. याचा अर्थ रीफिल वाईट असा मात्र नाही. डिस्टिलरीचा स्वतःचा गुण, म्हणजे क्लायनलिशचा मेणासारखा स्पर्श किंवा आयला बेटावरच्या मॉल्टमधला धुराचा स्वाद, रीफिलमध्येच जास्त स्वच्छ कळतो. फर्स्ट फिल शेरी कधीकधी इतकी वरचढ होते की आत कुठल्या डिस्टिलरीचा माल आहे हेच ओळखू येत नाही. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांत शेरीचं स्तोम जरा अतीच झालंय.

लेबलवरचे शब्द असे वाचा:

'मॅच्युअर्ड इन शेरी कास्क्स' म्हणजे साधारणपणे पूर्ण काळ शेरीत. ग्लेनफार्क्लस, मॅकॅलनची शेरी ओक मालिका, अबरलाउर अबुना ही याची उदाहरणं.

'फिनिश्ड इन' म्हणजे बरीच वर्षं बर्बनच्या पिंपात, आणि शेवटचे काही महिने किंवा एखाद-दोन वर्षं दुसऱ्या पिंपात. बॅल्व्हेनी डबलवूड १२ ही या पद्धतीची १९९३ पासूनची प्रसिद्ध बाटली. फिनिश चांगलं असू शकतं. फक्त पूर्ण शेरीचा भाव त्याला देऊ नका.

'फायनेस्ट ओक', 'हँड सिलेक्टेड कास्क्स', 'रेअर कास्क' असे शब्द एकटेच असतील तर त्यांतून काहीच कळत नाही. पिंप खरंच अभिमानाने सांगण्यासारखं असेल तर कंपनी त्याचं नाव, आकार, कितवी भरणी हे स्वतःहून छापते.

टकिला, मेझकाल, काल्व्हादोस अशा इतर दारूंच्या पिंपांची नावंही आता दिसतात. २०१९ मध्ये नियम सैल झाले, त्यानंतरची ही लाट. पहिली बाटली म्हणून यातलं काही घेऊ नये. चव आवडली नाही तर दोष पिंपाचा की डिस्टिलरीचा हे कळायला मार्ग राहत नाही.

आणि रंगावर जाऊ नका. कॅरॅमल घालायला परवानगी असल्यामुळे गडद तपकिरी रंग म्हणजे शेरी असं समीकरण बसत नाही. यावर एक सोपा तोडगा आहे: त्याच बाटलीचं जर्मन लेबल इंटरनेटवर शोधा. जर्मनीत रंग घातला असेल तर 'मिट फार्बश्टॉफ' असं छापावंच लागतं. ब्रिटनच्या लेबलवर याबद्दल चकार शब्द नसतो.

'सिंगल कास्क' लिहिलंय? बाटल्या मोजा

हा हिशोब मला फार आवडतो, कारण यात लेबल स्वतःच साक्ष देतं. स्कॉटलंडच्या थंड गोदामात पिंपातून दरवर्षी साधारण २ टक्के उडून जातं. २५० लिटरचं हॉग्सहेड १२ वर्षांनी सुमारे १९६ लिटरवर येतं. ७०० मिलिलिटरच्या बाटल्यांत भागलं तर २८०. ५०० लिटरच्या बटमधून ५६० च्या आसपास. आता लेबलवर 'सिंगल हॉग्सहेड, १२ वर्षं, कास्क स्ट्रेंग्थ' (म्हणजे पाणी न घालता पिंपातल्याच ताकदीला भरलेली) आणि खाली '६०० बाटल्यांपैकी एक' असं असेल, तर एक तर त्यात पाणी आहे, नाहीतर पिंपांची संख्या एकापेक्षा जास्त आहे. दुकानदाराला विचारायला हरकत नाही.

हेच गणित जुन्या व्हिस्कीचा भाव का चढतो तेही सांगतं. २०० लिटरच्या बॅरलमध्ये १२ वर्षांनी १५७ लिटर उरतात, २५ वर्षांनी १२१. त्यात गोदामाचं भाडं आणि अडकून पडलेला पैसा. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे किंवा बेंगळुरूला अमृतची. तिथे उष्णतेमुळे वर्षाला ८ ते १२ टक्के उडतं. १० टक्के धरले तर ५ वर्षांतच ४१ टक्के माल गेला, म्हणजे स्कॉटलंडच्या २५ वर्षांएवढा. त्यामुळे भारतीय सिंगल मॉल्टवर वय क्वचितच छापतात आणि ५-६ वर्षांची बाटली 'कोवळी' म्हणून बाजूला सारणं चूक ठरतं.

ताकद: ४०, ४६ आणि त्यावर

पिंपात व्हिस्की भरतात ती साधारण ६३.५ टक्क्यांना. दहा-बारा वर्षांनी ती ५५ ते ६० च्या आसपास असते. पुढे पाणी घालून ती किती खाली आणायची हा कंपनीचा निर्णय, आणि तो बऱ्याच अंशी पैशाचा असतो. ५८ टक्क्यांची ७०० मिलिलिटर व्हिस्की ४० वर आणली की १,०१५ मिलिलिटर होते. दीड बाटलीला थोडी कमी.

४० ते ४३ टक्के: बहुतेक मोठ्या ब्रँडची बाराची बाटली इथेच असते. भारतीय लेबलवर ४२.८ दिसतं ते ताकद मोजण्याच्या आपल्याकडच्या जुन्या प्रूफ पद्धतीतून आलेलं. या पट्ट्यात व्हिस्की जवळजवळ नेहमीच चिल फिल्टर केलेली असते: शून्य अंशाजवळ थंड करून गाळायची, म्हणजे चरबीयुक्त आम्लांचे एस्टर निघून जातात आणि बर्फ टाकल्यावर ग्लास गढूळ होत नाही. दिसायला स्वच्छ, पण जिभेवरचा तेलकट जाडपणा त्यातच थोडा जातो.

४६ टक्के: हा आकडा लक्षात ठेवा. या ताकदीच्या वर ते एस्टर सहसा विरघळलेलेच राहतात, त्यामुळे चिल फिल्टरची गरज उरत नाही. कंपनीने ४६ निवडलं याचा अर्थ बहुधा चवीचा विचार करणाऱ्या माणसाला तिथे निर्णय घ्यायला मिळाला. आर्डबेग १०, बुनाहावेन १२, डीन्स्टन १२, अरन १०, क्लायनलिश १४ सगळ्या या रांगेतल्या. यात बर्फ घातला तर पेय गढूळ होऊ शकतं. तो माल खराब असल्याचा पुरावा नाही, उलट चिल फिल्टर न केल्याचा आहे.

५० च्या वर, बहुतेक वेळा कास्क स्ट्रेंग्थ: ग्लेनफार्क्लस १०५ थेट ६० टक्के असते, १०५ हा ब्रिटिश प्रूफचा आकडा. इथे पाणी तुम्ही घालायचं. ५८ टक्क्यांचा ६० मिलिलिटरचा पेग ४६ वर आणायला साधारण १५ मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे चहाचे तीन चमचे. आधी एक चमचा घाला, हुंगा, चाखा, मग दुसरा. सोडा नको. आणि मोजमापाचं भान ठेवा: ५८ टक्क्यांच्या ६० मिलिलिटरमध्ये जवळजवळ ३५ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं, ४० टक्क्यांच्या पेगमध्ये २४. दोन पेग घेणाऱ्याने इथे नकळत तीनाच्या जवळ जाऊ नये.

भावाचा खरा हिशोब

बाटलीचा भाव एकट्याने बघू नका. भाव भागिले शुद्ध अल्कोहोलचे लिटर करा. समजा ब्रिटनमध्ये एक बाटली ४० टक्क्यांची ४२ पौंडांना आहे आणि दुसरी ५८ टक्क्यांची ६० ला, दोन्ही ७०० मिलिलिटर. पहिलीत ०.२८ लिटर अल्कोहोल, म्हणजे लिटरमागे १५० पौंड. दुसरीत ०.४०६ लिटर, म्हणजे १४८. महाग वाटणारी बाटली प्रत्यक्षात रेसभर स्वस्तच आहे, शिवाय बहुधा चिल फिल्टर न केलेली.

आता त्या भावात कर किती ते बघू. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२५ च्या दराने शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमागे ३२.७९ पौंड ड्यूटी होती, वर २० टक्के व्हॅट. हिशोब त्याच दराने करू. ४० टक्क्यांच्या बाटलीला ड्यूटी ९.१८ पौंड, मग ती बाटली २५ ची असो वा २५० ची. २५ पौंडांच्या बाटलीतून व्हॅट आणि ड्यूटी वजा केली की उरतात ११.६५. त्यात डिस्टिलरी, काच, वाहतूक, दुकानदार सगळे आले. ४० पौंडांच्या बाटलीत हेच उरतात २४.१५. म्हणजे तुम्ही १५ पौंड जास्त दिलेत आणि व्हिस्कीवर खर्च होऊ शकणारी रक्कम दुपटीवर गेली. ग्लासगो-एडिंबरोत शिकणाऱ्या मुलांना माझा सल्ला म्हणूनच असा असतो: महिन्याला एक स्वस्त घेण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांनी एक ४० ते ५५ पौंडांची घ्या. स्कॉटलंडमध्ये अगदी स्वस्त तशीही मिळत नाही. सप्टेंबर २०२४ पासून किमान दर युनिटमागे (म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलमागे) ६५ पेन्स आहे, त्यामुळे ४० टक्क्यांची ७०० मिलिलिटरची बाटली १८.२० पौंडांच्या खाली विकताच येत नाही.

शंभर पौंडांच्या वर गेल्यावर मात्र बराच पैसा दुर्मिळपणाला, खोक्याला आणि नावाला जातो. मॅकॅलन १९२६ ची एक बाटली नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे २२ लाख पौंडांना गेली. ती प्यायच्या बाजारातली वस्तूच नव्हे. 'गुंतवणूक म्हणून घेऊन ठेव' असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्यावं.

भारतात गणित उलटं चालतं, आणि पुढचे सगळे निर्णय यावरच ठरतात. ब्रिटनची ड्यूटी अल्कोहोलवर आहे, आपली किमतीवर. आयात मूल्य १,००० रुपये असेल तर २०२५ मधल्या १५० टक्के सीमाशुल्काने ते २,५०० होतं, ३,००० असेल तर ७,५००. त्यावर राज्याचा कर, व्हॅट, दुकानदाराचा नफा. दोन बाटल्यांतला २,००० रुपयांचा मूळ फरक इथे ५,००० चा होतो. म्हणजे चांगल्या मालाला शिक्षाच. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार कराराप्रमाणे हे शुल्क १५० वरून आधी ७५ वर आणि टप्प्याटप्प्याने दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलं. पण राज्याचे कर त्यात येत नाहीत, त्यामुळे बाटलीचा भाव निम्मा होईल असं कुणी सांगत असेल तर तसं होणार नाही. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणलं तेव्हाच मुंबई-पुण्यातले दर माणसात आले.

कुठून काय घ्यायचं

वरच्या गणितातून माझा नियम निघतो. गावातल्या वाईन शॉपमधून ब्लेंडेड किंवा भारतीय सिंगल मॉल्ट घ्यावी. परदेशातून आणायचीच तर ४६ टक्क्यांची किंवा त्यावरची, चिल फिल्टर न केलेली सिंगल मॉल्ट. जी इथे मिळते आणि कमी ताकदीची आहे ती बॅगेत भरून आणण्यात वजन फुकट जातं.

ड्यूटी फ्रीचा मोह सांभाळा. तिथे विमानतळासाठीच बनवलेल्या, वय नसलेल्या, भारदस्त खोक्यातल्या ४० टक्क्यांच्या बाटल्या समोर मांडलेल्या असतात. त्या वाईटच असतात असं नाही, पण बाहेर त्यांचा भाव नसल्यामुळे तुलना करता येत नाही, आणि दुकानाला तेच हवं असतं. शिवाय एक लिटर, ७०० आणि ५०० मिलिलिटर शेजारीशेजारी असतात. लिटरचा भाव काढल्याशिवाय पाकीट काढू नये. ब्रिटनमध्ये असाल तर विमानतळाआधी शहरातलं एखादं खास व्हिस्कीचं दुकान गाठा. तिथे स्वतंत्र बॉटलर मिळतात: एल्गिनचे गॉर्डन अँड मॅकफेल, कॅडनहेड, सिग्नेटरी. हे डिस्टिलरीकडून घेतलेली व्हिस्की स्वतःच्या नावाने बाटल्यांत भरतात. पिंपाचा प्रकार, गाळल्याचं साल, बाटल्यांची संख्या सगळं लेबलवर छापतात, आणि जाहिरातीचा खर्च नसल्यामुळे त्याच पैशात जास्त वर्षांची किंवा जास्त ताकदीची व्हिस्की पदरात पडते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तीन बाटल्यांचा क्रम सांगतो. आधी मुख्यतः बर्बन पिंपातली ४६ ची एखादी, जशी अरन १०. मग शेरीचा ठसा असलेली, बुनाहावेन १२. मग धुराची, आर्डबेग १०. तिन्ही ४६ च्या आसपास असल्यामुळे जे वेगळं लागेल ते ताकदीमुळे नाही, पिंपामुळे आणि धुरामुळे लागतंय हे कळतं. त्यानंतरच कास्क स्ट्रेंग्थकडे वळा.

घरापर्यंत

भारतात येताना माणशी २ लिटर दारू शुल्कमुक्त आणता येते. ७०० च्या दोन बाटल्यांत ६०० मिलिलिटर वाया जातात. तिसरी ५०० ची बसते. चेक-इन सामानात २४ ते ७० टक्क्यांची दारू माणशी ५ लिटरपर्यंत चालते, पण सीमाशुल्काची मर्यादा २ लिटरचीच. दिल्लीहून पुण्याचं पुढचं विमान असेल तर ड्यूटी फ्रीची मोहोरबंद पिशवी फोडू नका, किंवा दिल्लीत बॅग परत जमा करताना बाटल्या आत टाका.

गोव्यात करामुळे भाव कमी असतात, पण तिथून परवान्याशिवाय महाराष्ट्रात बाटल्या आणणं गुन्हा आहे, आणि बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय २५ लागतं आणि पिण्याचा परवानाही. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म मिळतो. घरात चार बाटल्या ठेवणाऱ्याने आजन्मच काढून ठेवलेला बरा.

बाटली उभी ठेवा, आडवी नाही. जास्त ताकदीचं अल्कोहोल बूच खातं. उघडल्यावर निम्म्याच्या वर असेपर्यंत घाई नाही. पाव बाटली उरली की मात्र काही महिन्यांत संपवा, नाहीतर छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा.